बारा रुपयांचे पाप

"बॅग जाय?"

फोंड्याच्या एका सुपरमार्केटात काउंटरवरच्या मुलीने हे विचारले, तेव्हा माझी कापडी पिशवी घरी दाराच्या कडीला लटकत होती. चवथ आठ दिवसांवर आलेली, दोन्ही हातांत गूळ, पीठ, अगरबत्त्या, खोबरेल. "जाय" म्हणालो, म्हणजे हवी. "बारा रुपये जातले." पिशवीवर दुकानाचे नाव टीचभर अक्षरांत, खाली एक हिरवे पान आणि 'मी प्लास्टिक नव्हे'. म्हणजे त्यांची जाहिरात तिस्क नाक्यापर्यंत मी मिरवायची आणि मजुरीही मीच द्यायची.

तेवढ्यात मागून एक सुरकुतलेला हात आला आणि पिशवीची कड चिमटीत धरून चोळू लागला.

"बाब, हे कापड नव्हे."

सत्तरीचे गृहस्थ. खांद्याला जुन्या पँटीची शिवलेली पिशवी. मागचा खिसा तसाच ठेवलेला, त्यात सुटे पैसे. "चाळीस वर्षे शिवणकाम केले. कापड मला सांगू नका." पिशवी शिवलेलीही नव्हती, नुसती चिकटवलेली, याचे त्यांना जास्त दुःख दिसले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली.

"काका, नको."

"कापूस असला तर राख होईल. प्लास्टिक असले तर मणी." काउंटरच्या कडेला उभे राहून त्यांनी माझ्या (बारा रुपये दिलेल्या, म्हणून माझ्याच) पिशवीचा एक कोपरा नखाने तोडला आणि काडी लावली. कोपरा आक्रसला, काळा थेंब झाला, घाणेरडा वास सुटला. सिक्युरिटीवाला धावत आला. काकांनी तो गार झालेला मणी तळहातावर घेऊन मागच्या सात-आठ जणांना प्रसादासारखा दाखवला. एका बाईने तर खरेच हात पुढे केला.

"आता या पिशवीचे पैसे परत द्या," काका मुलीला म्हणाले.

"अंकल, आता ती जळली. परत घेता येत नाही."

काका बरोबर होते, हीच पंचाईत. ही नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेली, पिशवी प्लास्टिकचीच असते. केंद्राच्या नियमांना तीही चालते. फक्त चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी नको. चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ साली एका बूट कंपनीला, ग्राहकाकडून पिशवीचे ३ रुपये घेतल्यापायी, ९००० रुपये भरायला लावले होते. पण बारा रुपयांसाठी वकील गाठायचा, तर रिक्षालाच त्याहून जास्त जातात. दुकानदाराला हा हिशेब माझ्याआधी जमलेला असतो.

घरी दुधाच्या पिशव्या धुऊन मी दोरीवर वाळत घालतो, शेजारी लंगोट समजतात. त्या पिशव्या कंपन्यांनी गोळा कराव्यात हे २०१६ च्या नियमांत आहे. '२०२२ च्या १ जुलैपासून' म्हणून प्यायची प्लास्टिकची नळी बंद झाली, आणि वेफर्सचे चकचकीत पाकीट, ज्यात अर्धी हवाच असते, ते मात्र तसेच लटकते आहे. त्याच्या मागे एक काडीचा माणूस टोपलीत कचरा टाकताना छापलेला असतो. नीट पाहिले आहे मी. तो मीच आहे. त्या चित्रात कारखानदार कुठेच नाही, पाकीट भरणारा नाही, विकणारा नाही. वाकलेला मी एकटाच. आणि छपाईचा खर्चही किमतीत धरलेला असणार!

असे काहीतरी तावातावाने बोलायला मी वळलो, तर काकांचे बिल सुरू झाले होते. शाम्पूच्या पुड्यांची माळ, हातभर लांब. मग कॉफीच्या पुड्या. मग मसाल्याच्या. सगळे त्या पँटीच्या पिशवीत अदबीने उतरले.

"काका, या पुड्या?"

"मोठी बाटली परवडत नाही बाब," ते म्हणाले. मला एकदम गप्प व्हावे लागले. त्यांनी माझ्या कोपरा जळालेल्या पिशवीकडे पाहिले, मग माझ्या पँटीकडे, अगदी मापाच्या नजरेने.

"ही फाटली की आणून द्या. कापड बरे आहे. शिलाई पन्नास रुपये."

"पन्नास?"

"खिसा ठेवायचा असला तर साठ."