आतली की बाहेरची

आमच्या डोंबिवलीच्या घरातील डेस्कटॉपवर ‘डी’ ड्राइव्हची निळी पट्टी ज्या दिवशी लाल झाली, त्या दिवशी घरात पाहुणे असल्यामुळे मी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये ४ जीबी जागा उरली होती, आणि भाच्याच्या मुंजीचे ३८ जीबी चित्रण पेन ड्राइव्हमध्ये बसून, आपल्याला आत कधी बोलावतात याची वाट पाहत होते.

जागा करायची तर आधी नको ते पुसावे, हा सरळ मार्ग होता, म्हणून एका रविवारी दुपारी चहाचा कप घेऊन मी त्या कामाला बसलो. २००९ सालच्या गणपतीपुळ्याच्या सहलीत एकाच लाटेचे १४ फोटो निघाले आणि प्रत्येकात उजव्या कोपऱ्यात माझा अंगठा होता. तरीही कोणती लाट ठेवावी हे ठरेना, कारण लाटा सारख्याच असल्या तरी मागे उभे असलेले वडील दर फोटोत थोडेथोडे पाण्याकडे सरकत होते. तीन तासांनंतर मी एकूण ६ फोटो पुसले होते आणि त्यांतले २ रिसायकल बिनमधून परत आणले होते. नवी डिस्क घ्यावी लागणार, हे मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाहीर केले.

डिस्क घेण्याला कोणाचा विरोध नव्हता. ती आतली, म्हणजे संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बसणारी, घ्यायची की बाहेरची, म्हणजे वायरने जोडायची, यावर मात्र ताटातली आमटी गार होईपर्यंत चर्चा झाली. पत्नीचे मत बाहेरचीकडे होते, कारण ती काढून टीव्हीला लावता येते आणि नाशिकला ताईकडेही नेता येते. बंगळुरूहून फोनवर आलेले मुलाचे मत अगदी तीन शब्दांचे होते: “बाबा, आतली घ्या.” कारण विचारल्यावर तो म्हणाला, “बाहेरची तुम्ही पाडाल.” गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून थर्मास, चष्मा आणि पत्नीचा फोन या क्रमाने पडलेले असल्यामुळे मला त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. शेजारच्या काकांनी आपली बाहेरची डिस्क पुतण्याला दोन दिवसांसाठी दिली होती. ती दोन वर्षे अंबरनाथला आहे आणि तिच्यात काकांच्या पेन्शनचे सगळे कागद आहेत. “बाहेरची वस्तू बाहेरच जायची,” एवढेच ते म्हणाले, पण ते ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून मी आतलीकडे झुकलो.

झुकल्यावर अभ्यासाला लागलो, आणि अभ्यासाने जे होते तेच झाले. डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०, आणि माहिती वाचणारे टोक त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवरून तरंगत असते, हे कळल्यावर चालू डिस्कची वायर पायात अडकण्याची कल्पना करून मला घाम फुटला. आतली डिस्क पायात येत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती ज्या कॅबिनेटमध्ये राहते त्याचे नशीब तिला चुकत नाही. विजेचा एखादा झटका आला तर जुनी आणि नवी दोघी एकाच वेळी जाऊ शकतात, तर बाहेरची तेव्हा कपाटात साड्यांखाली सुखरूप झोपलेली असते. वेगाचाही हिशेब मांडला. आमच्या संगणकाला पुढच्या बाजूला यूएसबीची काळी, जुन्या पद्धतीची तोंडे आहेत, त्यांतून सेकंदाला जेमतेम ३५ एमबी जातात, म्हणजे मुंज उतरायला १८ मिनिटे. आतल्या डिस्कला तेच काम चार-साडेचार मिनिटांचे. वाचलेल्या चौदा मिनिटांत मी नेमके काय करणार आहे, असे पत्नीने विचारले. जाणकारांच्या मते माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी, हेही मी तिला वाचून दाखवले. त्यातून तिने एवढाच अर्थ काढला की मी आता तीन डिस्क आणणार आहे.

आयबीएमने १९५६ मध्ये आणलेली पहिली हार्ड डिस्क दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांची होती, तिचे वजन सुमारे एक टन होते आणि तिच्यात जवळपास ५ एमबी मावत, म्हणजे माझा अंगठा असलेली एखादी लाट. ती आतली म्हणावी की बाहेरची, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नसावा. ती दारातून आत येते की नाही, एवढेच पाहिले असेल.

अखेर एका शनिवारी दादरला गाडी बदलून मी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर पोहोचलो. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण त्या नावाने पत्ता विचारला तर तिथले दुकानदारसुद्धा क्षणभर विचारात पडतात. मी केलेला सगळा अभ्यास गल्ल्यावरच्या मुलासमोर मांडला. त्याने तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला माउस दाखवत दाखवत ऐकून घेतला आणि म्हणाला, “काका, बाहेरचीच्या पोटात पण आतलीच असते. वर डबा आणि एक छोटं सर्किट, बस.” तीन आठवडे मी ज्या दोघींमध्ये निवड करत होतो, त्या एकच निघाल्या, फरक फक्त कपड्यांचा होता. मग कपड्यांचे पैसे का द्या, असा विचार करून मी २ टीबीची, मोठ्या आकाराची, आतली डिस्क घेतली. ती चंदेरी, करड्या पिशवीत बंद होती आणि हातात पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखी जड लागत होती. परतीच्या गाडीत मला दादरला चक्क बसायला मिळाले. डिस्क मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी तिला आडोसा करून मी बसलो होतो, घाटकोपरला चढलेल्या एका बाईंनी मला “बरं नाही का?” असे विचारले.

रविवारी कॅबिनेटचे झाकण उघडले. आत धुळीची गोधडी पसरलेली होती, तिच्याखाली एक वाळलेले झुरळ आणि दोन रुपयांचे नाणे होते, आणि ते नाणे तिथे कसे गेले याचा उलगडा अजून झालेला नाही. चार स्क्रूंपैकी तीन बसले आणि चौथा मदरबोर्डवर पडून कुठे तरी आत गेला, म्हणून अख्खे कॅबिनेट उलटे करून, बाळाला ढेकर काढायला लावतात तसे पाठीवर थोपटावे लागले. माहितीची वायर लागली, पण वीज देणारे तोंड शिल्लक नव्हते. एक जुन्या डिस्कला आणि दुसरे डीव्हीडी रायटरला लावलेले होते. डीव्हीडी रायटरचा कप्पा कित्येक वर्षांत उघडलेला नव्हता, तेव्हा मी त्याची वीज तोडली आणि संगणक सुरू केला.

नवी डिस्क कुठेच दिसेना. ती आत गुरगुरत होती, हात लावला तर थरथर जाणवत होती, पण पडद्यावर तिचा पत्ता नव्हता. मी मुलाला फोन लावला. नवी आतली डिस्क आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज, म्हणजे वापरासाठी तयार, करावी लागते, मग तिचे विभाग पाडून ते फॉरमॅट, म्हणजे माहितीसाठी कोरे, करावे लागतात, आणि त्यानंतरच ती दिसते, असे त्याने सांगितले; पुढे, “जुनीवर फॉरमॅट दाबू नका,” हे वाक्य त्याने चार वेळा उच्चारले. डिस्क दिसली तेव्हा तिच्यात २,००० ऐवजी १,८६३ जीबी भरले. दुकानदाराचे हजार हजाराचेच असतात आणि विंडोजचे १,०२४चे, म्हणून पायरीपायरीने मापात घट येत जाते, हे मला समजले. तरी १३७ जीबी म्हणजे साडेतीन मुंजी होतात, हे दुःख समजूत पटल्याने कमी होत नाही.

मुंज एकदाची उतरली. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो, तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, “अहो, पण हे नाशिकला कसं न्यायचं?”

पुढच्या आठवड्यात मी स्टेशनजवळून एक केसिंग, म्हणजे डिस्क ठेवायचा यूएसबीचा डबा, आणले. डिस्क कॅबिनेटमधून काढली, केसिंगमध्ये सरकवली आणि ती बाहेरची झाली. फक्त मोठ्या आकाराच्या डिस्कला यूएसबीतून येणारी वीज पुरत नाही, तिला स्वतंत्र अडॅप्टर आणि भिंतीतले प्लग लागते. त्यामुळे आता ती टेबलावर पडू शकते, पायात अडकू शकते, पुतण्यांना देता येते, आणि तरीही खिशात मावत नाही. शिवाय जुन्या काळ्या तोंडातून तिचा वेग पुन्हा १८ मिनिटांवर आला आहे.

नाशिकला ताईंच्या टीव्हीमागे दोनच प्लग आहेत. एकात टीव्ही होता आणि दुसऱ्यात सेट-टॉप बॉक्स, आणि सेट-टॉप बॉक्सवर मालिका चालू होती. ती साडेनऊला संपणार होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिलो, आणि ती संपेपर्यंत डिस्क माझ्या मांडीवर होती.