आरोग्य व्यवसाय शिक्षणातली पीएच.डी. आणि फॉरवर्डमधली सात ‘सत्यं’

‘हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशनमध्ये पीएच.डी. करायचीय? कुणीच सांगणार नाही अशी ७ सत्यं!’ हा फॉरवर्ड बरेच दिवस ग्रुपांवर फिरतोय. हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशन म्हणजे डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट वगैरेंना कसं शिकवावं, ते कसं शिकतात, याचा अभ्यास. आला की मी न वाचता पुढे सरकायचे. परवा तो माझ्या मावसबहिणीकडून आला आणि खाली तिची ओळ होती: ‘ताई, मग मी अर्जच करू नको का?’ ती नर्सिंग शिकवते, विद्यार्थिनींबरोबर वॉर्डात उभी राहून शिकवते, आणि तिच्याजवळ संशोधनाचा एक अस्सल प्रश्न आहे. कुणा निनावी शहाण्याने सात ओळी खरडायच्या आणि हिने अर्धा भरलेला फॉर्म बंद करायचा, हे काही मला बघवेना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही त्या नशीबवानांसाठी सातही मुद्दे थोडक्यात सांगते. एक, ही पीएच.डी. फक्त डॉक्टरांसाठी. दोन, ती म्हणजे शिकवण्याचं लांबवलेलं ट्रेनिंग, संशोधन नावापुरतं. तीन, विषय सोपा घ्यायचा, आपल्याच वर्गावर प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट करायची, एथिक्सची (म्हणजे संस्थेच्या नीतिमत्ता समितीची) परवानगी लागत नाही. चार, प्रपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, तयार मिळतं. पाच, शंभर प्रोफेसरांना एकच मेल टाकायचा, एखादा तरी ‘हो’ म्हणतोच. सहा, सगळं ऑनलाइन, दोन वर्षांत डिग्री हातात. सात, डिग्री आली की पद आपोआप.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण खरं नुकसान तिथे आहे.

सल्ला असा आहे: वर्गाला एक टेस्ट द्या, मग एखादं नवीन पद्धतीचं सत्र घ्या, पुन्हा तीच टेस्ट द्या. मार्क वाढतात, पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असं सुचवणारा संख्याशास्त्रातला आकडा) येते, थिसिस उभा. अहो, मार्क वाढणारच! दोन टेस्टच्या मध्ये काहीही शिकवलं तरी वाढतील. तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवली म्हणूनही थोडे वाढतील. यातून तुमची पद्धत चांगली ठरत नाही. शिकवल्यावर मुलं शिकतात एवढंच कळतं, आणि ते कुणी नाकारलेलंच नव्हतं.

हे माझं खाजगी मत नाही. डेव्हिड कुक, जॉर्ज बोर्दाज आणि हेंक श्मिट यांनी २००८ साली ‘मेडिकल एज्युकेशन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. २००३ आणि २००४ मध्ये सहा नियतकालिकांत आलेल्या प्रयोगात्मक अभ्यासांपैकी १०५ त्यांनी तपासले आणि हेतूनुसार त्यांचे तीन गट केले. ‘आम्ही काय केलं’ हे सांगणारे, ‘त्याचा उपयोग झाला का’ हे बघणारे आणि ‘ते का व कसं घडतं’ हे उलगडणारे. मधल्या गटात ७० टक्क्यांहून जास्त अभ्यास निघाले, शेवटच्यात सुमारे १२ टक्के. ज्ञान पुढे सरकतं ते प्रामुख्याने या शेवटच्या गटामुळे, असं त्यांचं म्हणणं. लेख जुना झालाय, मान्य. पण प्रपोजल वाचणाऱ्याच्या टेबलावरचा ढीग फारसा बदललेला नाही, हे मी स्वतः बघते. फॉरवर्ड तुम्हाला सांगतोय की त्या ढिगात आणखी एक कागद टाका.

शिवाय फॉरवर्डमध्ये सुचवलेल्या विषयांची यादीही दिलीय. तिच्यात पहिला विषय काय, तर ‘विद्यार्थ्यांच्या लर्निंग स्टाइल्सनुसार अध्यापन’. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, आणि त्या-त्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकतं, अशी ही कल्पना. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच तिच्यामागचा पुरावा तपासून तो पुरेसा नाही असं स्पष्ट लिहून ठेवलंय. मुलाखतीला बसलेल्या कुणी हा विषय काढला, की समोरचे एकमेकांकडे बघतात.

आता मावसबहिणीचा प्रश्न बघा. तिच्या विद्यार्थिनी स्किल लॅबमध्ये, पुतळ्यासमोर, औषधाचा चुकीचा डोस झटकन पकडतात आणि बोलूनही दाखवतात. तीच मुलगी वॉर्डात राउंडच्या वेळी चार्टवर नजर टाकते, आकड्यावर थांबते, भुवया आक्रसतात, बोट त्या रकान्यावर टेकतं. आणि ती गप्प राहते. चूक तिला दिसलेली असते. कशी सांगायची हेही तिला शिकवलेलं असतं. मग अडतं कुठे?

केवढा मोठा प्रश्न आहे हा! आणि फॉरवर्ड वाचून तिने त्याचं काय केलं, तर ‘संवादकौशल्य मॉड्यूलच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. जीवच काढून घेतला. मूळ प्रश्नाच्या मागे उभं राहायला भक्कम काम आधीपासून आहे. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयातल्या नर्सिंग युनिटांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या युनिटांमध्ये चुकांचा आकडा जास्त दिसला. स्पष्टीकरण असं, की तिथले लोक चुका लपवत नव्हते, सांगत होते. पुढे १९९९ मध्ये त्यांनी संघांमधल्या ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’बद्दल, म्हणजे चूक सांगितली किंवा शंका काढली तर आपल्याला त्रास होणार नाही या भरवशाबद्दल, जे लिहिलं त्याची पाळंमुळं इथे आहेत. आता विचारा, की जी विद्यार्थिनी त्या वॉर्डात काही आठवड्यांपुरती पाहुणी आहे, आज इथे, पुढच्या महिन्यात दुसरीकडे, तिच्या बाबतीत ही सुरक्षितता तयार तरी कशी होते? हा झाला पीएच.डी.चा प्रश्न. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतील, राउंडला मागे उभं राहून निरीक्षण करावं लागेल. पी-व्हॅल्यू कदाचित येणारही नाही. नाही तर नाही.

आणि ते एथिक्सचं. ‘आपलेच विद्यार्थी आहेत, परवानगी कशाला?’ आपलेच आहेत म्हणूनच! जिच्या हातात इंटर्नलचे मार्क आहेत तिने ‘ऐच्छिक आहे हं’ म्हणत संमतीपत्र पुढे केलं, तर कोणती मुलगी नाही म्हणेल? माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारं ‘डिक्लरेशन ऑफ हेलसिंकी’ १९६४ पासून आहे. सहभागी व्यक्ती संशोधकावर अवलंबून असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या, योग्य पात्रतेच्या माणसाने घ्यावी, हे त्याच्यात लिहिलेलं आहे. ते वैद्यकीय संशोधनासाठी आहे, पण तत्त्व इथेही तेच. शैक्षणिक संशोधनाला पुष्कळदा संपूर्ण तपासणीतून सूट मिळते हे खरं, आणि फॉरवर्डवाल्याने बहुधा तेवढंच कुठेतरी ऐकलं असावं. पण सूट द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकारही कमिटीचाच. तुम्ही स्वतःला सूट द्यायची नसते. डेटा आधी गोळा करून मग परवानगी मागायला गेलात तर मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही, आणि तिच्याशिवाय चांगली नियतकालिकं लेखाला हात लावत नाहीत. म्हणजे दोन वर्षांचं काम थेट केराच्या टोपलीत. शिवाय त्या मुलींना तुम्ही वापरून घेतलंत, ते वेगळंच.

चौथा मुद्दा याच्याच पोटातला. तयार प्रपोजल विकत घेणं ही फसवणूक आहे, त्यावर चर्चा नको. पण व्यवहार म्हणूनही ते मूर्खपणाचं आहे. कॅनडाच्या संशोधक लोरेलाय लिंगार्ड यांनी २०१५ मध्ये लेखाच्या प्रस्तावनेसाठी तीन पायऱ्या सांगितल्या: जगातली अडचण काय, तिच्याबद्दल अजून काय माहीत नाही, आणि ते माहीत होण्याने कुणाला काय फरक पडतो. प्रपोजललाही त्या चपखल बसतात, आणि मुलाखतीतले प्रश्न फिरून फिरून याच तिघांवर येतात. उसन्या प्रपोजलवाला दुसऱ्याच प्रश्नाला गळपटतो. ‘हाच वॉर्ड का? हेच विद्यार्थी का?’ याचं उत्तर विकणाऱ्याने दिलेलं नसतं.

आता पहिला मुद्दा, फक्त डॉक्टरांसाठी म्हणे. या क्षेत्रातल्या संशोधनासाठी स्वीडनची कॅरोलिन्स्का संस्था एक मोठा पुरस्कार देते. २००४ मध्ये तो पहिल्यांदा मिळाला हेंक श्मिट यांना, ते मानसशास्त्रज्ञ. २००८ मध्ये जेफ नॉर्मन, मूळचे भौतिकशास्त्राचे. २०१२ मध्ये केस व्हॅन डर फ्लॉयटन, पुन्हा मानसशास्त्र. २०१८ मध्ये याच लिंगार्डबाई, ज्यांचा अभ्यास भाषा आणि वक्तृत्वशास्त्राचा. यांच्यापैकी एकही डॉक्टर नाही. मधल्या काही वर्षांत डॉक्टरांनाही तो मिळालाय, पण मुद्दा तो नाही. अगदी सुरुवातीलाही, १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बफलो विद्यापीठात जॉर्ज मिलर नावाच्या डॉक्टरने हे काम उभं केलं तेव्हा त्यांच्या बरोबरीला स्टीफन अब्राहमसन हे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. काही विद्यापीठं आरोग्यक्षेत्रातली पदवी किंवा शिकवण्याचा अनुभव मागतात, तेवढी अट वाचून घ्या. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, दंतवैद्यक हे सगळं त्या क्षेत्रातच येतं. वॉर्डात शिकवणाऱ्या बाईला ‘हे तुझ्यासाठी नाही’ म्हणणारा माणूस कोण, हे एकदा बघायचंय मला.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. शिकवणं सुधारायचं असेल तर फेलोशिप आहेत, मास्टर्स आहे, आणि ते करण्यात काही कमीपणा नाही. पीएच.डी. हे संशोधनाचं शिक्षण आहे. ज्यांना संशोधन नकोय त्यांनी ही वाट धरू नये, फॉरवर्ड काहीही म्हणो.

पाचव्यात मात्र, नाइलाजाने, थोडं तथ्य आहे. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या आधी गाइडशी बोलणं झालेलं लागतं, त्यामुळे अनोळखी प्रोफेसरला मेल टाकण्यात गैर काही नाही. अमेरिकेतल्या कोर्सवर्क असलेल्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा निवड समितीच अर्ज बघते, तिथे आधीच्या मेलने फार हलत नाही. पण शंभर जणांना एकच मेल? ‘आदरणीय सर, आपलं महान कार्य वाचून भारावून गेलो’, आणि तो जातो एका बाईंना. त्या पुढे वाचतील? एकाच माणसाचा एक लेख नीट वाचा. तो जिथे थांबतो तिथून तुमचा प्रश्न कसा सुरू होतो ते चार ओळींत लिहा, आणि ‘सध्या विद्यार्थी घेताय का’ एवढं विचारा. असे पाच मेल लिहायला महिना लागतो. लागू दे.

सहाव्यातलंही अर्धं खरं. नोकरी सांभाळून, बऱ्याच अंशी दुरून करता येणारे प्रोग्रॅम आहेत, आणि नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टसारख्या ठिकाणी थिसिस म्हणजे नियतकालिकांसाठी लिहिलेल्या लेखांचा संच असतो. पण एक लेख रिव्ह्यूला, म्हणजे इतर तज्ज्ञांकडे तपासायला, गेला की उत्तर यायला महिने, सुधारून पाठवला की पुन्हा महिने. असे तीन-चार लेख, तेही नोकरी करत, दोन वर्षांत? चार ते सहा वर्षं धरून चाला आणि आठवड्यातला एक दिवस कामावरून मोकळा मिळेल का, हे वरिष्ठांना अर्जाच्या आधी विचारा, लेखी. नंतर तोंडी आश्वासनं कुणाला आठवत नाहीत.

सातवा मुद्दा खोटा आहे. पदं जागा निघाल्यावर भरतात.

फॉरवर्डमध्ये नसलेलं एक काम मात्र फॉर्म भरण्याआधी जरूर करा. ज्या गाइडकडे जायचंय त्यांच्या आताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना शोधा आणि विचारा, की मसुदा पाठवल्यावर तो किती दिवसांत वाचून परत येतो, आणि मध्येच सोडून गेलेले कुणी आहेत का. सोडून गेलेलं कुणी सापडलं, तर आधी त्यांच्याशी बोला.