एक थाप माफ

पुण्यात राक्षसाचा सिनेमा बघणं सोपं आहे. तो बघून घरी जाणं अवघड. मल्टिप्लेक्सच्या तळघरात गाडीला किल्ली लागलेली असते, हेल्मेट कानापर्यंत आलेलं असतं, मागचे दोघं हॉर्न वाजवत असतात आणि नेमका तेव्हाच आपल्यातला एक जण म्हणतो, “पण मला एक सांग...” हे चार शब्द कानावर पडले की गाडी मुकाट्याने स्टँडवर लावावी. पुढची चाळीस मिनिटं कुठेही जायचं नसतं.

गंमत अशी की प्रश्न राक्षसाबद्दल नसतोच. पन्नास मीटर उंचीचं जनावर समुद्राच्या तळातून उठलं, चालत शहरात आलं, तोंडातून निळी आग ओकलं, हे सगळं त्या गृहस्थांनी पॉपकॉर्नबरोबर गिळलेलं असतं. घास अडकतो तो भलतीकडेच. शहरातले टॉवर आडवे झाल्यावर नायिकेच्या मोबाइलला रेंज आली कुठून? आणि तीन दिवस चार्जिंग पुरलं कसं?

हसू नका, त्यांचं बरोबर आहे. अशा सिनेमाला एक थाप माफ असते. एकच. ती पोस्टरवरच छापलेली असते आणि तिकीट काढताना आपण ती कबूल केलेली असते. त्यापुढचा सगळा व्यवहार रोखीने. राक्षस उधारीवर मिळाला म्हणून मोबाइलची बॅटरीही उधारीवर घ्यायची, हे चालणार नाही. टॉवर उभे असतानासुद्धा विसर्जनाच्या गर्दीत फोन लागत नाही, इतके लोक एकाच वेळी लावत असतात. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचा जनरेटर, मग शांतता. पडद्यावर मात्र भरल्या राक्षसात व्हिडिओ कॉल लागतो, आणि तोही न अडकता.

आता हे लोक पटकथेतलं भोक म्हणून जे दाखवतात त्यातली निम्मी भोकं नसतातच. “राक्षस समोर दिसतोय, तर लोक पळत का नाहीत? थांबून फोटो काय काढतात?” हा प्रश्न विचारणारा माणूस पुण्यात राहत असेल तर त्याने स्वतःलाच विचारावा. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, की गाव लोटतं ते पळायला नाही, बघायला. पोलीस शिट्ट्या मारतात, लोक मुलांना खांद्यावर घेतात. पात्रांनी मूर्खपणा करणं हे पटकथेचं भोक नव्हे, ते निरीक्षण आहे.

खरी मजा येते ती कुणीतरी पार्किंगची पावती उलटी करून पेन मागतो तेव्हा. हा बहुधा निवृत्त इंजिनियर असतो आणि त्याला वजनाचा हिशेब मांडायचा असतो. मांडू द्यावा. चांगला हिशेब आहे.

घोरपड घ्या. लांबी दीड मीटर, वजन सोयीसाठी पाच किलो. तिला चाळीस पट करायची, म्हणजे साठ मीटर. लांबी चाळीस पट झाली की पायाच्या हाडाचा छेद होतो चाळीस गुणिले चाळीस, १६०० पट. वजन मात्र चाळीस तीनदा गुणून, ६४,००० पट. पाच किलोचे झाले ३२० टन. भरलेली बस १६ टनांची धरली तर वीस बस. वजन ६४,००० पट आणि ते पेलणारं हाड १६०० पट, म्हणजे हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरवर आधीच्या चाळीस पट भार. हाडात नेहमीच्या ताणाच्या दोन ते चार पट सोसायची सोय असते. चाळीस पटीची नसते. राक्षस शहर तुडवायला उठेल आणि उठतानाच मांडी मोडून बसेल. हे गॅलिलिओने १६३८ साली लिहून ठेवलं, आणि लहान हाड नुसतं मोठं केलं तर का चालत नाही याचं चित्रही शेजारी काढून ठेवलं. म्हणूनच हत्ती म्हणजे मोठी केलेली शेळी नव्हे. त्याचे पाय खांबासारखे असतात आणि उडी मारणं त्याच्या नशिबी नसतं. निळा देवमासा १५० टनांपर्यंत जातो, पण पाण्याने तोलून धरलेला. किनाऱ्यावर लागला की स्वतःच्याच वजनाखाली त्याचा श्वास कोंडतो.

(घोरपडीचं उदाहरण पुण्यात जपून द्यावं. सिंहगडाचा कडा, यशवंती, दोर, ही दंतकथा आहे असं नुसतं म्हटलं तरी राक्षसाचा विषय बाजूला पडतो आणि दुसरी पावती लागते. पाच किलोच्या घोरपडीचा भार सोसण्याचा हिशेब इथे कुणीही मांडू नये.)

हिशेब बिनचूक आहे. पण त्यावरून “म्हणजे सिनेमाच खोटा!” असं म्हणणं म्हणजे पंगतीत बसून उपास आहे सांगण्यासारखं. हाडं टिकतात, हीच तर माफ केलेली थाप. ती एकदा दिली की पुढचे प्रश्न रोखीचे, आणि तिथे आपले लोक चुकतात. उदाहरणार्थ, “एवढं धूड रोज अख्खी पेठ खाईल!” नाही खाणार. वजन वाढतं त्या प्रमाणात भूक वाढत नाही. जीवशास्त्रज्ञ माक्स क्लायबरने १९३२ साली मांडलेला नियम असा, की शरीराचा ऊर्जेचा खर्च वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. पाच टनांचा हत्ती दिवसाला सुमारे १५० किलो चारा खातो. आपला राक्षस ३२० टनांचा, म्हणजे वजनाने ६४ हत्ती. पण ६४चा पाऊण घात येतो साडेबावीस. तेव्हा चारा साडेबावीस हत्तींचा, दिवसाला ३,४०० किलो. मार्केट यार्डातून सकाळी एक मध्यम ट्रक. त्यातून तो घोरपडीसारखा थंड रक्ताचा असेल तर याच्या दहाव्या हिश्श्यातही भागेल, म्हणजे ट्रक नको, छोटा टेम्पो पुरे. तेवढ्यासाठी शहर उद्ध्वस्त करायची गरज नाही, कुणीतरी नीट विचारलं असतं तर.

“पावलागणिक रस्ता खचतो” हेही असंच. घोरपडीच्या एका पंजाचा ठसा ३० चौरस सेंटिमीटर धरा. १६०० पट केला की जवळजवळ पाच चौरस मीटर. चालताना दोन पाय टेकलेले, म्हणजे ३२० टन साडेनऊ चौरस मीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वातीन किलो. मालट्रकच्या टायरचा दाब याच्या दुपटीहून जास्त असतो. डांबर फारसं तक्रार करणार नाही. मात्र पाऊल दोन-सव्वादोन मीटर रुंद असल्यामुळे ताण जमिनीत खोलवर उतरतो, पावलाच्या रुंदीच्या दुपटीपर्यंत. त्यामुळे रस्ता शाबूत आणि खालची ड्रेनेजची पाइप फुटलेली, असा प्रकार होईल. ती दुरुस्त करायला मग रस्ता खणावा लागेलच. म्हणजे पडद्यावर दाखवतात ते दृश्य शेवटी येतं, फक्त राक्षस गेल्यावर, आणि वेगळ्या खात्याकडून.

लपतो कुठे, हा प्रश्न आला की पुण्याच्या माणसाला कंठ फुटतो. खडकवासल्यात? ते १.९७ टीएमसीचं. चारही धरणांचे मिळून २९.१५ टीएमसी, हे आकडे इथे पाढ्यासारखे पाठ असतात. ३२० टनांच्या जनावराने बुडी मारली तर ३२० घनमीटर पाणी सरकणार. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. पातळी मिलिमीटरनेही हलणार नाही. तरी पाण्यात बसण्याचं आवर्तन त्याला कुणाच्या कोट्यातून दिलं, यावर वाद होतो. या वादात मी पडत नाही.

एक सोसायटीवाला असतो. फिल्म सोसायटीवाला. त्याचं म्हणणं, राक्षस इतका हळू का चालतो, सुस्त वाटतो. त्याला मी जरा आदराने उत्तर देतो, कारण इथे विज्ञान आणि कारागिरी एकत्र येतात. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. माणसाच्या उंचीवरून वस्तू ०.६ सेकंदात खाली येते, पन्नास मीटरवरून ३.२ सेकंदांत. एवढ्या उंचीचं काहीही आपल्याला लांबून सावकाशच पडताना, वळताना, पाऊल टाकताना दिसणार. १९५४च्या जपानी गॉडझिलात हेच साधलं आहे. राक्षस पन्नास मीटरचा, प्रत्यक्षात सुमारे १०० किलोचा रबरी पोशाख घातलेला माणूस, आणि भोवतालचं टोकियो १:२५ प्रमाणात बांधलेलं. पंचविसाचं वर्गमूळ पाच. म्हणून गणिताने कॅमेरा पाच पट वेगाने फिरवायचा, सेकंदाला २४ऐवजी १२० चौकटी, आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. मग हातभर इमारतही दणदणीत कोसळते. जास्त वेगाने फिल्म खर्ची पडते आणि चौकटीला प्रकाश कमी मिळतो, त्यामुळे दिवे वाढवावे लागतात. रबरात कोंडलेल्या माणसाचे त्या दिव्यांखाली काय हाल होत असतील ते बघा.

चोरी पकडली जाते ती पाण्यात. घर लहान करता येतं, झाड करता येतं, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. त्याचा आकार पृष्ठताण ठरवतो, दिग्दर्शक नाही. त्यामुळे जुन्या सिनेमात लाटेतून राक्षस उठला आणि त्याच्या अंगावरून त्याच्या मापाने नारळाएवढे थेंब ओघळले, की ओळखावं, हा हौद आहे. ज्वालेचंही तसंच. हल्ली संगणकात पाणी बनवतात, ते थेंब बारीक असतात, पण धारा कधी कधी अंगाला चिकटत नाहीत. आमचे इंजिनियर ते बघत नाहीत. ते मोबाइलची बॅटरी बघतात.

आवाजावर शिकार करणाऱ्या राक्षसांचा हल्ली सुकाळ आहे. त्यांच्यापुढे माझा पुणेरी आक्षेप नोंदवून ठेवतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, दसपट झालं की २०ने. एका मीटरवर ४० डेसिबलची पाचोळ्यातली चाहूल शंभर मीटरवर शून्यावर येते, म्हणजे धडधाकट माणसाच्या कानाच्या कडेला. रानातली रात्रसुद्धा वीस-तीस डेसिबलची असते, त्यात ती चाहूल बुडते. नुसते कान तिखट असून भागत नाही, गलक्यातून आवाज वेगळा काढता आला पाहिजे. असला राक्षस अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर सोडा. चाळीस ढोल, पंधरा ताशे, शंभराच्या वर डेसिबल, आणि दहा मिनिटांत पुढचं पथक. तो कुणाला खाणार? बिचारा कान झाकून भिंतीशी बसेल, आणि त्याला कुणीतरी म्हणेल, “अहो, जरा सरकता का, टिपरू लागेल.”

विमानांबद्दल थोडक्यात. क्षेपणास्त्र कित्येक किलोमीटरवरून सुटतं, तरी पडद्यावरची विमानं राक्षसाच्या हाताच्या टप्प्यातून जातात. कारण दोघं एका चौकटीत मावले पाहिजेत. इतकंच. किरणोत्सर्गाने पाल मोठी होत नाही, तिच्या पेशींतल्या डीएनएचे तुकडे होतात आणि ती मरते, पण ती थाप माफ खात्यातली आहे. महाकाय झुरळाला नळ्यांतून श्वास घ्यावा लागतो आणि हवा इतक्या आत पोचत नाही. तीस कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्याहून बराच जास्त होता, तेव्हाही सर्वांत मोठ्या चतुर-किड्यांपैकी एकाच्या पंखांचा पसारा ७० सेंटिमीटरच्या आसपास. झुरळाची बस होत नाही. बरंच आहे.

मग खरं भोक कुठलं? सिनेमाने स्वतःच घातलेला नियम स्वतःच मोडला, ते. १९३३च्या किंग काँगमध्ये काँग बेटावर १८ फुटांचा धरून काम केलं आहे आणि न्यूयॉर्कमध्ये २४ फुटांचा, कारण गगनचुंबी इमारतींपुढे तो चिमुकला दिसायला लागला. जहाजाच्या प्रवासात सहा फूट! हे भोक. तरी ते मी माफ करतो, कारण बघताना कळत नाही. माफ होत नाही ते हे: मध्यंतराआधी ठासून सांगायचं, जनावर उजेडाला भितं, आणि मध्यंतरानंतर त्याला भर दुपारी मैदानात आणायचं. का, तर समोशाच्या रांगेत आपण विसरलो असू! पुण्यात? इथे दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ लोक वीस वर्षं लक्षात ठेवतात.

शेवटी श्रेयनामावली संपल्यावरचं अंडं. हल्ली ते असतंच. पुरुषभर उंचीचं, गुहेत, हळूच तडकणारं. इथे पेन पुन्हा बाहेर येतं. मादागास्करच्या नामशेष हत्तीपक्ष्याचं अंडं साधारण फूटभर लांब, त्यात आठ-दहा लिटर मावत. त्याहून फार मोठं करायचं तर आतल्या पाण्याच्या दाबाला कवच जाड हवं. जाड केलं तर छिद्रांतून पिल्लाला हवा पुरत नाही, आणि ते फोडून बाहेरही येता येत नाही.

“आणि राक्षस तर एकटाच होता. मग अंडं घातलं कसं?”

घालता येतं. कोमोडो घोरपडीच्या माद्यांनी इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयांत नराशिवाय अंडी घातल्याचं २००६ साली सिद्ध झालं. अट एकच, त्यांतून नरच निघतात.

“म्हणजे पुढच्या भागात सगळे नर?”

“मग तिसऱ्या भागाचं काय?”

एवढ्यात पार्किंगवाला येतो आणि पावती मागतो. ती द्यायला कुणीच तयार नसतं, कारण तिच्या मागे घोरपड आहे.