‘फ्लॅट आहे? मग छोटाच कुत्रा घ्या!’ थांबा काकाजी, ऐकून घ्या

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या बिल्डिंगमधल्या काकाजींना नातीसाठी कुत्रा घ्यायचा आहे. त्यांनी ग्रुपवर विचारलं आणि पाच मिनिटांत तो फिरता मेसेज आला, जो मला यंदा चौथ्यांदा मिळाला: ‘फ्लॅट असेल तर चिहुआहुआ, टॉय पॉम, पग असलं छोटंच घ्या. उन्हाळा सहज निघतो, खर्च दहावा हिस्सा, फिरवावं लागत नाही, चावला तरी काही होत नाही. ग्रेट डेनसारखं धूड बंगलेवाल्यांनी पाळावं.’

मी याच बिल्डिंगमध्ये आठ वर्षं ग्रेट डेन पाळला आणि माझ्या मावशीकडे पग आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार ठाऊक आहे.

आधी उन्हाळा, कारण नागपुरात बाकी सगळं त्यानंतर. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण साडेअडतीस. हवा त्याहून गार असेल तर लहान देहाला फायदा असतो हे खरं. वजनाच्या मानाने कातडी जास्त, उष्णता लवकर बाहेर पडते. पण हवाच अंगापेक्षा तापली की हिशेब उलटतो आणि बाहेरची धग तितक्याच लवकर आत शिरते. त्यात चिहुआहुआचं पोट तापलेल्या डांबरापासून जेमतेम वीतभर वर.

मुळात कुत्र्याला पंजाच्या गाद्या सोडल्या तर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडानाकातला ओलावा उडतो आणि त्याने रक्त गार होतं. म्हणजे आपल्या खिडकीतला कूलरच. पगचं तोंड चपटं, श्वासाची वाट अरुंद. त्याच्या कूलरला ताट्याही (पाण्याने भिजणारे पडदे) लहान आणि पुढे बोळा कोंबलेला. मावशीचा पग नवतप्यात (मेअखेरीच्या तापत्या नऊ दिवसांत) धडधाकट होता, आडवा झाला तो जूनमध्ये. मृगाची सर येऊन गेली होती, हवा दमट, घरातला कूलर नुसता चिकट वारा फेकत होता. ओलावा उडेना म्हणून खिडकीतला कूलर हरला आणि त्याच कारणाने कुत्र्याच्या तोंडातलाही. ‘आता तर गार झालं’ म्हणून मावशीने त्याला चार वाजताच खाली नेलं होतं. नळाखाली धरला, पंख्यासमोर ठेवला, मग ऑटोने डॉक्टरकडे. वाचला.

पॉमचे (पॉमेरेनियनचे) केस मेमध्ये साफ उतरवायची एक पद्धत आपल्याकडे आहे. तीही नको. तो दुहेरी केसांचा थर ऊन अडवतो, आणि पॉमचे केस एकदा मशीनने काढले की कधीकधी नीट परत येतच नाहीत.

मेसेजच्या बाजूनेही बोलायला हवं. पन्नास किलोच्या वरच्या कुत्र्याला उष्माघाताचा धोका दहा किलोच्या आतल्यापेक्षा जास्तच असतो. सेंट बर्नार्ड नागपुरात आणणाऱ्याला मी हात जोडतो. पण पगचं नाव त्या ‘सहज निघतो’च्या यादीत असणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

खर्चाचं गणित गमतीचं आहे. तीन किलोचा चिहुआहुआ आणि साठ किलोचा डेन, वजन वीसपट. पण अन्नाची गरज साडेनऊपटीच्या आसपास, कारण मोठा देह किलोमागे कमी ऊर्जा जाळतो. म्हणजे वर्षाच्या खाण्यापुरता ‘दहावा हिस्सा’ बरोबर! फक्त डेन सात ते दहा वर्षं जगतो आणि चिहुआहुआ पंधराच्या घरात, त्यामुळे जन्माचा हिशेब पाचपटीवर येतो. रेबीजच्या लशीचा डोस दोघांना सारखाच. औषधं आणि भूल मात्र वजनावर, तिथे डेन खिसा कापतो. छोट्यांचे पैसे दुसरीकडे जातात: दात-हिरड्या लवकर खराब होतात, गुडघ्याची वाटी सरकते, सोफ्यावरून उडी मारली की पुढचा पाय मोडतो. ‘टीकप’ म्हणून विकतात ती तर जातच नाही. जास्तीत जास्त बारकी पिल्लं निवडून केलेला धंदा आहे.

फिरवायला दोघांनाही लागतं. मोठा डेन दिवसभर दिवाणावर पसरलेला असतो, फ्लॅट त्याला पुरतो. फक्त शेपटी सांभाळा, अरुंद पॅसेजमध्ये भिंतीवर आपटून रक्त काढतो. जपायचं ते पिल्लूपणी. जन्मतः अर्ध्या-पाऊण किलोचं पिल्लू वर्षात पन्नाशीला टेकतं. त्या वेगाला घाबरून लोक वरून कॅल्शियम पाजतात, आणि मोठ्या जातींच्या पिल्लांचा योग्य आहार चालू असताना दिलेलं हेच कॅल्शियम हाडं वाकडी करतं.

‘चावला तरी काही होत नाही’ हे वाक्य मेसेजमधलं सगळ्यात धोकादायक. लस न घेतलेला कुत्रा दोन किलोचा असला तरी रेबीज रेबीजच. ओरखडा जरी आला तरी पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि मेयो नाहीतर मेडिकल, यातलं एक सरकारी रुग्णालय गाठा. शिवाय लहान जाती कमी चावतात हाही भ्रमच. अमेरिकेत 2008 साली मालकांच्या माहितीवरून अभ्यास झाला, त्यात माणसांवर धावून जाण्यात डॅक्सहुंड आणि चिहुआहुआ पुढे होते. डेनचा दात मात्र एकदाच पुरतो, आणि लाडात येऊन तो आजीला सहज पाडतो. उलट धडपडणारं पोट्टं चिहुआहुआवर पडलं तर मोडतं ते कुत्र्याचं हाड.

सोसायटीने मोठ्या कुत्र्याला हरकत घेतली तर प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक दाखवा. त्यात आकारावरून भेदभाव नको असं स्पष्ट म्हटलं आहे.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या डेनचे, भीमचे, मागचे पाय आठव्या वर्षी गेले. वजन अठ्ठावन्न किलो, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दीड महिना सकाळ-संध्याकाळ सतरंजीत घालून चौघांनी खाली नेला आणि वर आणला. चौथा कोपरा काकाजींच्या हातात असायचा.

त्यांच्या नातीला आता आठवं लागलंय. चिहुआहुआ आणला तर ती नोकरीला लागेपर्यंत घरात असेल. डेन आणला तर तो जाईल तिच्या दहावीच्या सुमाराला, आणि तेव्हा काकाजी पंच्याहत्तरीचे असतील.

काल जिन्यात भेटले. विचारत होते, ‘ती सतरंजी ठेवली का रे अजून?’

ठेवली आहे.