शालेय ग्रंथालयातील काव्योत्सव : आयोजकांसाठी काही सूचना

शाळेच्या ग्रंथालयात कवितेचा आणि वाचनाचा उत्सव करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हे काम वाटते तितके सोपे नाही. शेकडो पुस्तकांच्या सहवासात दोन-अडीच तास घालवायचे आणि त्यांपैकी एकही उघडले जाऊ द्यायचे नाही, याला नियोजन लागते, सवय लागते आणि थोडा निबरपणाही लागतो. मागच्या शनिवारी सोलापुरातल्या एका शाळेत काव्यवाचन स्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला आणि हे नियोजन किती निर्दोष असू शकते ते जवळून पाहता आले. शाळेचे नाव सांगत नाही. सांगितले तर बाकीच्या शाळांना उगाच आपण सुटलो असे वाटेल.

आधी तारीख ठरवावी. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून तो राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. २१ मार्च हा युनेस्कोने १९९९ साली ठरवलेला जागतिक काव्य दिन आणि २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. हे सगळे वेगवेगळे साजरे करत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपवायचा? म्हणून सकाळच्या शाळेचा एखादा सोयीचा शनिवार धरावा आणि सगळे दिवस एकदाच उरकून टाकावेत. अहवालात मात्र ते स्वतंत्र उपक्रम म्हणून दाखवावेत. त्यासाठी फळ्यावरची तारीख पुसून नवी लिहायची आणि पाहुण्यांना पुन्हा एकदा समई पेटवायला सांगायची, एवढेच करावे लागते.

आता खोली. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. ग्रंथालयात आणखी काय ठेवू नये हे मात्र तिथे कुठेच म्हटलेले नाही. त्यामुळे पोषण आहाराच्या तांदळाची पोती, मोडकी बाके, लेझमी आणि मागच्या गणेशोत्सवातले मखर यांना तिथे हक्काची जागा मिळते. उत्सवाच्या आदल्या दिवशी हे सामान पडद्याआड सारले की झाले. पडदा नसेल तर चादर बांधावी; सोलापुरात चादरींना तोटा नाही.

ग्रंथदिंडी ऊन चांगले चढल्यावरच काढावी, म्हणजे फोटोत उजेड येतो.

पालखीत जाड पुस्तके वर ठेवावीत. ती कोणती आहेत हे कोणी पाहत नाही. मी पाहिले, सर्वांत वर, गुलालात माखलेले, जुन्या अभ्यासक्रमाचे गणिताचे मार्गदर्शक होते.

वाचनकट्ट्यावर बसवलेल्या मुलांना पुस्तक छातीशी उभे धरायला सांगावे. वाचण्यासारखे धरले तर मुखपृष्ठ दिसत नाही.

डिजिटल फलकाच्या बाबतीत सोलापूरकरांना सल्ला देण्याची माझी पात्रता नाही, तरीही एक निरीक्षण नोंदवतो. शाहीर राम जोशी याच गावचे, कवी कुंजविहारी याच गावचे, कवी संजीव याच गावचे. पण फलकावर संस्थेचे पदाधिकारी, त्यांचे मार्गदर्शक, मार्गदर्शकांचे चिरंजीव आणि वाढदिवस जवळ आलेले एक माजी नगरसेवक यांना बसवल्यानंतर कवींसाठी जागा उरत नाही. कवितेच्या कार्यक्रमात कवीचा फोटो असला तर लोकांचा गैरसमजही होऊ शकतो.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे कपाट. कपाटाला झेंडूचा हार घालावा आणि तो बरोबर कुलपावर येईल असा घालावा. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली आणि त्यांतले पहिलेच सूत्र असे की, पुस्तके वापरण्यासाठी असतात. हे सांगावे लागण्याचे कारण होते. मध्ययुगीन युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने मांडणीला बांधून ठेवत. आपण त्याच्याही पुढे गेलो आहोत. साखळीने बांधलेले पुस्तक निदान तिथे उभे राहून वाचता येत असे; आपल्या लोखंडी कपाटातले पुस्तक काचेतून फक्त कण्यावरच्या नावापुरते वाचता येते, आणि तेही काच पुसलेली असेल तर. रंगनाथनांची तसबीर मात्र जरूर लावावी. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, ती पुन्हा उपयोगी पडते.

तपासणीसाठी देवघेव नोंदवही अद्ययावत असावी. कार्यक्रमाला उशीर होता म्हणून मी ती चाळली आणि थक्क झालो. सातवीच्या वर्गाने एकाच दिवशी पुस्तके नेली होती आणि आठ दिवसांनी एकाच दिवशी परत केली होती. हजेरीपटावरच्या पहिल्या मुलाने ज्या दाखल क्रमांकाचे पुस्तक नेले, त्याच्या पुढच्या क्रमांकाचे दुसऱ्या मुलाने, त्याच्या पुढचे तिसऱ्याने, असे शेवटच्या मुलापर्यंत. मुले हजेरीपटाच्या क्रमाने, पुस्तके दाखल क्रमांकाच्या क्रमाने, शाई एक, अक्षर एक, आणि सह्यांच्या रकान्यातही तेच वळणदार अक्षर. इतकी शिस्तप्रिय वाचनसंस्कृती जगात अन्यत्र असेल असे वाटत नाही. त्यातल्या एका विद्यार्थ्याने तर ‘शालेय क्रीडांगणाची आखणी व देखभाल’ अशा काहीशा विषयावरची पुस्तिका घरी नेऊन आठ दिवसांत संपवली होती.

सत्कारात पाहुण्यांना पुस्तक देऊ नये. ते व्यासपीठावरच चाळू लागतात आणि कार्यक्रमाचा खोळंबा होतो. टर्किश टॉवेलचा हा धोका नाही.

प्रमुख पाहुणे असे निवडावेत की, ज्यांना याच वेळी दुसरीकडे जायचे असेल. प्रास्ताविकात त्यांच्या वाचनाच्या व्यासंगाचा उल्लेख करावा, म्हणजे ते मोबाईलवर आलेली चारोळी मोबाईलमध्ये बघून वाचतील आणि त्यानंतर पाऊण तास आजची पिढी मोबाईलमुळे कशी वाया गेली ते सांगतील. समोर सतरंजीवर बसलेली मुले हे सारे मान खाली घालून ऐकतात. त्यांच्या पाठीमागे कुलूपबंद कपाट असते, ही गोष्ट वक्त्याच्या नजरेसमोर असूनही बोलण्यात येत नाही.

स्पर्धेचे नियम काटेकोर असावेत. या शाळेत पूर्व भागातून येणारी पुष्कळ मुले आहेत, ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात. काहींच्या घरी कन्नड आहे, काहींच्या घरी उर्दू. एका मुलाने आजोबांनी पाठ करून घेतलेली तेलुगू कविता म्हणू का, असे विचारले होते. त्याला ‘आपला विषय तो नाही’ असे सांगून पाठ्यपुस्तकातली कविता देण्यात आली आणि ती त्याने, मानेवर कोणी बसल्यासारखी, म्हणूनही दाखवली. वास्तविक जागतिक काव्य दिनामागे युनेस्कोचा एक हेतू कवितेच्या द्वारे भाषांचे वैविध्य टिकवणे हा आहे, आणि ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण दर जानेवारीत जातो त्यांनी बाराव्या शतकात वचने रचली ती कन्नडमध्ये. म्हणजे या नियमांनुसार सोलापूरचे ग्रामदैवत पहिल्याच फेरीत बाद झाले असते. नियम म्हणजे नियम.

स्वरचित कवितांना शक्यतो प्रवेश देऊ नये. तरीही एखादी मुलगी हट्टाने स्वतःची कविता घेऊन आलीच, तर तिचा क्रमांक शेवटी लावावा. इथे तसेच केले होते. आठवीतली मुलगी होती. वहीचा मधला कागद काढून, त्याची चार पदरी घडी घालून तिने कविता आणली होती. घडीवर अक्षरे पुसट झाली होती म्हणून तेवढ्या ओळी पेनाने पुन्हा गिरवल्या होत्या. कविता पाण्यावर होती. पावसावर, नदीवर किंवा ढगावर नव्हे, तर नळाच्या पाण्यावर. ते किती दिवसांआड येते आणि रात्री किती वाजता येते, हे सोलापूरच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. नळ आधी नुसती हवा सोडतो, मग खाकरतो, मग आई दिवा न लावता उठते आणि अंधारातच घागरी ओळखते, असे पहिले कडवे होते. सतरंजीवरची चुळबुळ थांबली. मागच्या रांगेतली, एकमेकांना कोपराने ढोसणारी मुलेसुद्धा ऐकू लागली, कारण उन्हात दिंडी काढून झाल्यावर आणि तीन भाषणे झाल्यावर सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी बोलत होते. तिने दुसरे कडवे सुरू केले आणि सूत्रसंचालकांनी तिच्या हातातून ध्वनिवर्धक काढून घेतला. हिसकावला नाही, अगदी हसतमुखाने काढून घेतला. ‘वेळेअभावी आपण इथेच थांबू या, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे आहे, जोरदार टाळ्या!’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी कागद हातात धरून तशीच उभी होती, कारण खाली बसायचे की नाही हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर आभारप्रदर्शन झाले. त्यात मंडपवाल्यांचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे, चहा देणाऱ्यांचे आणि ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ आभार मानण्यात आले. तेवढ्या वेळात ती कविता दोनदा म्हणून झाली असती. पाहुणेही लगेच गेले नाहीत. फोटो राहिले होते.

परीक्षक म्हणून माझ्यापुढे जो गुणतक्ता होता, त्यात पाठांतर, उच्चार, हावभाव आणि वेशभूषा असे रकाने होते. कवितेला रकाना नव्हता. मी त्या मुलीला पहिला क्रमांक दिला, तेव्हा मला सांगण्यात आले की स्वरचित रचना स्पर्धेबाहेरची धरली आहे आणि तिला उत्तेजनार्थ काहीतरी देता येईल. ते काहीतरी म्हणजे कंपासपेटी होती. वाचनाच्या उत्सवात एकाही मुलाला पुस्तक बक्षीस मिळाले नाही.

आता थट्टा पुरे झाली. अहो, कोणाला फसवता आहात? वरच्या कार्यालयाला अहवाल हवा, तो तुम्ही दिलात. संस्थेला फलक हवा, तो चौकात लागला. पाहुण्यांना टॉवेल मिळाला, मला नारळ मिळाला. ज्यांच्या नावाने हे सगळे केले त्या मुलांना काय मिळाले? ऊन. कवितेचे एक कडवे, आणि दुसरे सुरू होताच तोडलेले. आणि वर पुन्हा ‘तुम्ही वाचत नाही’ म्हणून शिव्या. कपाटाला कुलूप लावायचे आणि मुलांना वाचनाची गोडी नाही म्हणून गळा काढायचा, याची लाज वाटायला हवी.

ग्रंथपालांची अडचण मला ठाऊक आहे. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच विचारला जातो आणि भरपाई आपल्या खिशातून जाईल या धास्तीने ते किल्ली कमरेला लावून फिरतात. जिथे ग्रंथपालच नाही तिथे हा भार एखाद्या शिक्षकावर पडतो, आणि तो बिचारा ऑनलाइन माहिती भरण्यातून आणि निवडणुकीच्या कामातून डोके वर काढेल तेव्हा कपाट उघडेल. पण मग मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी ही धास्ती काढून टाकायची असते. मुलांच्या हातात गेलेली पुस्तके फाटणार, त्यांवर वरणाचे डाग पडणार, दोन-चार परत येणारच नाहीत. त्यांचे रीतसर निर्लेखन करा, म्हणजे ती नोंदीतून कमी करा, व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारू नका. एवढा एक ठराव करायला फलकाइतकाही खर्च येत नाही. वेळापत्रकात आठवड्याला जो वाचनाचा तास छापला आहे, तो गणिताच्या जादा तासाला देऊन टाकू नका. देवघेव नववीच्या मुलांकडे सोपवा. त्यांना हिशेब जमतो. चुकतील, पण निदान एका अक्षरात सगळ्या वर्गाच्या सह्या तरी करणार नाहीत. आणि त्या मुलीला उद्याच्या परिपाठात बोलावून तिची कविता शेवटपर्यंत म्हणू द्या, पाहुणे न बोलावता.

पालकांनो, तुम्हीही साळसूदपणाचा आव आणू नका. फेटा बांधलेल्या मुलाचा फोटो स्टेटसला ठेवून झाला असेल, तर सोमवारी शाळेत जा आणि त्याच्या नावावर या वर्षी कोणती पुस्तके दिली गेली ते विचारा. नोंदवही दाखवायला सांगा. त्यातले एक तरी पुस्तक घरी आले होते का ते मुलाला विचारा आणि सही कोणाच्या अक्षरात आहे तेही बघा.