घेतला वसा

दर वर्षी वाचलेल्या पुस्तकांची नावं मी एका जुन्या डायरीत लिहून ठेवते. हिशेब म्हणून नाही, मिरवायला. गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी १९ भरली होती. ३१ डिसेंबरच्या रात्री, पुण्याहून सुट्टीला आलेल्या लेकीला ती डायरी मी मोठ्या कौतुकाने दाखवली, आणि तिथेच चुकलं.

तिने मेथी निवडावी तशी यादी निवडली. "आई, १९ पैकी १६ पुरुष. त्यातले ११ पुण्याचे. आणि या अकरा जणांच्या कादंबऱ्यांतली माणसं तरी कुठे जातात? सदाशिव पेठेतून निघतात आणि डेक्कनला पोचतात."

"चालत जातात गं," मी म्हटलं. "वेळ लागतो."

"अगं, बायकाही लिहितात. आफ्रिका आहे, कोरिया आहे, पेरू आहे..."

"गुजरात आहे," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. पेपरातून मान वर न करता.

त्यांच्या बोलण्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. आम्ही पेरूत होतो.

माझा जन्म बडोद्याचा. माहेर दांडिया बाजारात, सासर कारेलीबागेत, म्हणजे सासरहून रुसून निघालं तर राग ओसरायच्या आत माहेर येतं. पिढ्यान् पिढ्या इथे काढल्यावर आमच्या मराठीला गुजरातीचा वास लागायचाच. आम्ही पंखा 'धीमा' करतो आणि पुण्याचे नातेवाईक हसतात. म्हणूनच बहुतेक मी पुस्तकं पुण्याची वाचत आले. काही लोक रात्री चमचाभर त्रिफळा घेतात, तशी मी झोपताना दहा पानं शुद्ध मराठी घेते. ही पुस्तकं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून येतात आणि त्यांचा दर ठरलेला आहे: एका कादंबरीमागे अर्धा किलो लीलो चेवडो. कादंबरी ५०० पानांच्या वर गेली तर भाकरवडीसुद्धा.

तर लेकीने त्याच रात्री तक्ता केला. २४ पुस्तकं. त्यात निम्म्या लेखिका. सहा अनुवाद. एक नाटक, एक कवितासंग्रह, एक विज्ञानाचं, दोन आत्मकथनं. प्रत्येक खंडातून किमान एक लेखक. अंटार्क्टिकाला मी भांडून सूट मिळवली. आणि अगदी खाली, आजीला बरं वाटावं म्हणून, एक रकाना गुजरातीचा. अनुवाद नाही, मूळ गुजरातीतून. सकाळी तिने तो छापून आणला आणि फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटवला, दुधाच्या हिशेबाच्या वर. न वाचलेलं लाल, चालू असलेलं पिवळं, झालं की हिरवं.

सासूबाईंनी चष्मा लावून तो सगळा वाचला. "व्रतच आहे की हे. उद्यापनाला काय?"

"२४ लेखकांना जेवायला घालायचं," मी म्हटलं.

"मग उतू नकोस, मातू नकोस," म्हणून त्या पूजेला बसल्या.

जानेवारीत वाचनाचा संकल्प सोडणारा माणूस नक्की बाहेरगावचा असणार. बडोद्यात १४ तारखेला उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण असतो, १५ला वासी उत्तरायण, आणि त्याआधीचा आठवडा मांजा सुतवण्यात जातो. त्या दोन दिवसांत अख्खं शहर गच्चीवर राहतं. मी कोरियन कादंबरी घेऊन गच्चीत बसून पाहिलं. नायिका खिडकीतून बर्फ बघतेय आणि डोक्यावर 'काइपो छे!' ती खिन्न होतेय आणि पलीकडच्या गच्चीवरून पिपाणी. दुपारपर्यंत तिच्या एकाकीपणावर उंधियूचं तेल सांडलं. पुस्तक लेकीच्या मैत्रिणीचं होतं. तो तेलाचा डाग मी अजून 'पानाचा मूळचा रंग' म्हणून खपवते आहे.

फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की तक्त्यात पळवाटा आहेत. एका पुस्तकाने एकच रकाना भरला पाहिजे असं कुठे लिहिलंय? लेखिका असेल, आफ्रिकेची असेल, अनुवाद असेल आणि नाटक असेल, तर एका दगडात चार! मंगळबाजारात मी ज्या नजरेने चादरी बघते, त्याच नजरेने पुस्तकं बघायला लागले. आधी पाठीमागचं पान: बाई की बुवा? मग देश. मग पानांची संख्या. ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. मार्चअखेरपर्यंत माझी वाङ्मयीन अभिरुची ९६ पानांवर येऊन स्थिरावली होती. कवितेचं पुस्तक निवडताना तर पानावर पांढरं किती आणि काळं किती हेही मी पाहिलं. ज्या कवीने पानभर एकच ओळ लिहिली होती त्याच्याबद्दल मला अतोनात आदर वाटला.

युरोपासाठी एक रशियन कादंबरी घेतली, त्यात मात्र फसले. तिथे माणसाच्या नावात वडिलांचं नाव मधे येतं, म्हणजे आपल्यासारखंच, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण एकाच माणसाला बायको एका नावाने हाक मारते, नोकर दुसऱ्या आणि लेखक तिसऱ्या. शंभर पानांपर्यंत मला वाटत होतं घरात सात भाऊ आहेत. दोनच होते. तक्त्यात मी ते पिवळं ठेवलं. ते आजही पिवळं आहे.

आत्मकथनाच्या रकान्यासाठीही मी आधी जाडीच बघितली होती. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींची छोटी पुस्तिका हाताला लागली, एका बसणीत होईल म्हणून उचलली. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत शिकले, आणि १९१७ साली इथे नोकरीला आले, एवढं मला माहीत होतं. ते आम्हां बडोदेकरांना माहीत असतंच, शिष्यवृत्तीचं आम्ही अभिमानाने सांगतो. पुढचं कमी सांगतो. गावात त्यांना कोणी जागा दिली नाही. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर कुठे थांबायचं, तर कमाटीबागेत.

त्या बागेत मी लहानपणी छोट्या गाडीत बसले आहे, लेकीला बसवलं आहे, आणि डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून रोज सकाळी तिथे चार फेऱ्या मारते. दुसऱ्या दिवशीही गेले. दोनच फेऱ्या झाल्या. त्या रकान्यात रंग भरायचं बरेच दिवस राहूनच गेलं. शेवटी लेकीने फोनवर विचारलं तेव्हा भरला.

पावसाळ्यात फक्त गुजरातीचा रकाना पूर्ण कोरा राहिला. मी शाळेत गुजराती शिकले होते, पण पास होण्यापुरती. त्यानंतर माझं गुजराती वाचन म्हणजे बसच्या पाट्या, लाइटबिल आणि लग्नपत्रिका. बोलायला विचाराल तर भाजीवाल्याशी मी तासभर भांडू शकते. पण त्याने तेच लिहून दिलं असतं तर मी बहुतेक पैसे देऊन टाकले असते.

सासूबाईंचं उलटं. त्या १९७१ साली लग्न होऊन कोल्हापूरकडून आल्या तेव्हा त्यांना 'केम छो'सुद्धा येत नव्हतं. दूधवाल्याशी सहा महिने खुणांनी बोलल्या. मग घरी येणारा गुजराती पेपर वाचायला लागल्या, आणि आज त्या गुजराती कादंबरी भाजी फोडणीला टाकून भाजी शिजेपर्यंत वाचतात. माझी टाळाटाळ बघून एकदा म्हणाल्या, "सयाजीराव महाराज गादीवर आले तेव्हा बारा वर्षांचे होते. अक्षरओळख नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, चारही शिकले. तुला एक लिपी जड जाते?"

"त्यांना घरकाम नव्हतं, आई."

"त्यांना इंग्रज मास्तर ठेवला होता. तुला मी आहे."

आणि खरंच शिकवणी सुरू झाली. सासूबाईंचं पाठ्यपुस्तक म्हणजे पेपरातल्या बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या जाहिराती. त्यांचं म्हणणं बरोबर होतं: मजकूर छोटा, वाक्यं रोज तीच, वर फोटो, आणि तारखा-वेळा असल्यामुळे आकड्यांचाही सराव. तीन आठवड्यांत 'सद्गत', 'स्वर्गवास' आणि 'लौकिक व्यवहार बंध राखेल छे' मी न अडखळता वाचू लागले. तोटा एवढाच झाला की माझी सगळी लेखी गुजराती सुतकी झाली. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा सूचना लिहायची पाळी माझी होती. मी लिहिलं, "आपणी लिफ्ट आजे सवारे स्वर्गवास पामेल छे. लौकिक व्यवहार दादरथी राखेल छे." गुजरातीत दादर म्हणजे जिना. समोरच्या मासी दोन मजले चढून फक्त हे विचारायला आल्या की बेसणं किती वाजता आहे.

बातम्यांपर्यंत पोचले तेव्हा आकड्यांनी घात केला. गुजराती अक्षरांवर रेघ नसते. कपडे वाळत घालून कोणी दोरी काढून न्यावी आणि कपडे तसेच हवेत राहावेत, असं मला ते पान दिसतं. शिवाय गुजराती 'प' आणि पाचचा आकडा दिसायला जवळजवळ एकच. 'र' आणि दोनही तसेच. त्यामुळे 'पर' म्हणजे 'वर' हा साधा शब्द मी ५२ वाचत होते. एका सकाळी मथळा होता 'रस्ता पर अकस्मात'. मी मोठ्याने वाचलं, "रस्ता ५२ अकस्मात." गुजरातीत अकस्मात म्हणजे अपघात, एवढं मला येत होतं. एका रात्रीत ५२ अपघात झाले म्हणून मी नवऱ्याला स्कूटर नेऊ दिली नाही. तो बिचारा रिक्षाने ऑफिसला गेला आणि तिथेही सांगून आला.

आता पुस्तक कोणतं? मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचं ठरलं. महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोद्यात वाचनालयांचं जाळं उभं केलं. पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरवली जात. तिथली लोखंडी कपाटं आणि उजेड खाली पोचावा म्हणून घातलेली काचेची जमीन मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. तेव्हा पुस्तकांकडे माझं लक्षच नव्हतं, काच फुटेल या भीतीने मी पायाच्या अंगठ्यांवर उभी होते.

पण तिथे जायच्या आधीच मासींना बातमी लागली. मराठी शेजारीण गुजराती वाचणार! त्या घरी गेल्या आणि जुन्या ओढणीत बांधलेलं एक गाठोडं घेऊन आल्या. गोवर्धनराम त्रिपाठींची 'सरस्वतीचंद्र'. चार भाग. पहिला १८८७चा, शेवटचा १९०१चा. चौदा वर्षं त्या गृहस्थांनी घेतली.

"चार भाग म्हणजे चार पुस्तकं मोजायची ना?" मी तातडीने पुण्याला फोन लावला.

"एक," लेक म्हणाली.

मासींना मी विचारलं, काही बारीक नाही का तुमच्याकडे, ९६ पानांचं? त्यांचा चेहरा असा झाला की मी जणू त्यांच्या उंधियूवर टोमॅटो सॉस मागितलं. गाठोडं ठेवून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी चारही भाग एका चातुर्मासात संपवले होते. "तेव्हा टीव्ही नव्हता," हेही त्यांनीच सांगितलं, नाहीतर मला सुचलं नसतं.

पहिला भाग मी दिवाळीनंतर उघडला. जुनी भाषा, त्यात माझा वेग. दोन-तीन शब्दांनी मी सासूबाईंना हाक मारायची, त्या स्वयंपाकघरातून अर्थ सांगायच्या, आणि अर्थ सांगता सांगता पुढची गोष्टही सांगून टाकायच्या. "आई, पुढचं नको ने!" "अगं, तू तिथे पोचेपर्यंत मी असेन का?" जिन्यात मासी रोज विचारायच्या, "क्यां सुधी पहोंच्या?" मी रोज उत्तर द्यायची, आणि ते उत्तर आठवडाभर तेच असायचं. त्या दुसरं काही बोलायच्या नाहीत, फक्त "बहु सरस" म्हणून वाटीभर काहीतरी देऊन जायच्या. साखरेचं डॉक्टरांना काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

३१ डिसेंबरला लेक आली ती बूटही न काढता फ्रिजसमोर उभी राहिली. तिने रंग मोजले. "१७ हिरवी. दोन पिवळी. बाकी लाल." मग खाली वाकली. गुजरातीच्या पिवळ्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने, गुजराती लिपीत, कुठवर आले ते लिहून ठेवलं होतं.

"आई, हे काय? बावन्न बावन्न?"

"पर पर," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. पेपरातून मान वर न करता.

"त्यातला एक आकडा आहे," मी म्हटलं. "कुठला, ते ज्याला गुजराती येतं त्याला कळेल."