टांकसाळीची चूक घरच्या घरी कशी ओळखावी

एखादे विचित्र नाणे हाती आले, की ते टांकसाळीच्या चुकीचेच, म्हणजे पाडतानाच बिघडलेले आणि म्हणून दुर्मिळ आहे असे प्रथम मनाशी पक्के करावे आणि मगच त्याच्याकडे नीट पाहावे. उलट क्रमाने गेल्यास निराशा पदरी पडते.

वजनकाट्याच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

लोहचुंबकही घरात ठेवू नये. अमेरिकेत १९४३ साली युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून एका सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली गेली, आणि कांस्याच्या काही जुन्या, ठसा न उमटलेल्या चकत्या चुकून यंत्रात गेल्याने त्यांवरही तेच साल उमटले. ती नाणी खरोखर टांकसाळीची चूक. पुढे हौशी मंडळींनी पोलादी सेंटवर तांबे चढवून या चुकीचे घरगुती उत्पादन सुरू केले. कांस्याचे नाणे ३.११ ग्रॅम भरते, पोलादी सुमारे २.७ ग्रॅम भरते आणि चुंबकाला झटकन चिकटते; पण एवढ्या क्षुल्लक कारणासाठी आपण आपले स्वप्न का मोडावे?

नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापा आढळला, तर मात्र रविवारी सकाळी न कळवता जाणकाराच्या घरी जावे. गेल्याच रविवारी एक गृहस्थ माझ्याकडे असे आले. रुमालात डबी, डबीत कापूस आणि कापसात ते नाणे. मी त्यांना भिंगातून काठाच्या अगदी आतल्या अंगाने गोल फिरलेली केसाएवढी रेघ दाखवली, नाणे टेबलावर टाकून त्याचा बद्द आवाज ऐकवला आणि शेजारी साधे नाणे खणखणीत वाजवून दाखवले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “टांकसाळीत इथेच जोडत असतील.” जोडत असतील! नाणे म्हणजे काय डबा आहे, की त्याला झाकण बसवावे? एकच चकती दोन साच्यांमध्ये दाबली जाते आणि दोन्ही बाजू एकाच दाबाने उमटतात. तिथे जोडण्यासारखे काही नसतेच. असले नाणे लेथवर तयार होते. एका नाण्याचा काठ राखून पोट कोरायचे, दुसऱ्याचा काठ उतरवून ते त्या पोकळीत ठोकून बसवायचे, आणि ते जादूगाराला विकायचे. हे सारे मी दोन तास सांगितले. शेवटी त्यांनी विचारले, “मग हे दुर्मिळ आहे, असे दोन ओळींत लिहून देता का?”

ठशावर दुसरा उलटा, खोलगट ठसा दिसला, तर तो कोणी दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळल्याने उमटला असेल, अशी शंकाही घेऊ नये. उलट्या ठशाखाली मूळचे चित्र चपटे होऊन शिल्लक आहे का, हे तर पाहूच नये. नाण्याचा तुकडा उडालेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरचा काठ पुसट आहे का, हेही तपासू नये. चकती मुळातच अपुरी असेल, तर काठ उचलताना, म्हणजे चकतीची कड दाबून उभी करताना, अपुऱ्या जागेकडून पुरेसा दाब येत नाही आणि तिच्या समोरचा काठ सहसा कच्चा राहतो. कात्रीने कापलेल्या नाण्याचा समोरचा काठ भरलेलाच असतो.

काठ जाड होऊन आत वळलेला असेल, तर ज्यात अडकून ते नाणे गडगडत राहिले, त्या कपडे वाळवण्याच्या यंत्राचे आभार मानावेत.

आता पुरे झाले. अहो, यंत्राच्या चुकीला यंत्रातलेच कारण लागते. चकती कापणे, काठ उचलणे आणि ठसा उमटवणे यांपैकी कोणत्या टप्प्यावर हे घडले, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर देता येत नसेल, तर नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यावर त्याच्याशी कोणीतरी खेळले आहे, असे आधी धरून चाला. त्याच जातीची खात्रीशीर नाणी शेजारी ठेवून वजन करा, चुंबक लावा, भिंग घ्या. यांपैकी कशालाही विद्वत्ता लागत नाही. पण तुम्हाला पाहायचेच नसते. त्या गृहस्थांनाही रेघ दिसली होती, कारण निघताना ते म्हणाले की, इतके प्रश्न न विचारणारा कोणीतरी गिऱ्हाईक सापडेलच. जादूगाराचे नाणे म्हणून ते खुशाल विका, तुम्हाला कोणी अडवलेले नाही. रेघ पाहिल्यावरही टांकसाळीची चूक म्हणून एखाद्या नवख्याच्या गळ्यात मारणार असाल, तर त्याला फसवणूक म्हणतात, आणि त्यासाठी माझ्या दोन ओळी मिळणार नाहीत. पुन्हा येणार असाल, तर आधी फोन करा आणि येताना वजनकाटा घेऊन या.